साठ नंबरचं पाकीट

प्रिय हेस्टर,

ख्रिसमस नसताना माझं पत्र आलेलं पाहून तू म्हणशील, म्हातारा आजारी दिसतोय. तसं काही नाही. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे, अजून शिकवतो. यंदा एम.ए.च्या वर्गात बावीस जण आहेत, सगळे देशभरातले वरिष्ठ पोलीस अधिकारी. पहिल्या तासाला प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं असतं, हा आम्हाला काय शिकवणार! मी सांगतो, वीस वर्षांचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. कशानं गुन्हा कमी होतो ते मोजून पाहा, आणि मोजताना स्वतःच्या मनाला मध्ये घेऊ नका. मग दरवर्षी आपल्या ठाण्याचा प्रयोग सांगतो.

गाडीच्या कप्प्यातला तो ओळीनं नंबर घातलेल्या पाकिटांचा गठ्ठा तुला आठवत असेलच. घरातल्या मारहाणीची तक्रार आली, जखम किरकोळ असली, की सगळ्यांत वरचं पाकीट दारात फोडायचं. आत चिठ्ठी, 'अटक' नाहीतर 'समज'. निघेल तसं वागायचं, आणि वर्षभरानं पाहायचं की कोणी पुन्हा हात उगारला. तू त्याला पोलिसांची सोडत म्हणायचीस आणि माझी बिस्किटं खायचीस.

त्या मंगळवारी सकाळपाळीला मी होतो, दुपारी तीच गाडी तू घेतलीस. आयव्ही मार्सडेनच्या दारात तू साठ नंबरचं पाकीट फोडलंस. 'समज' निघाली. तू नवऱ्याला समज देऊन परत आलीस. अकराव्या दिवशी आयव्ही त्याच्याच हातून गेली. त्यानंतर तू नोकरी सोडलीस, मला सोडलंस आणि समुद्राकाठी जाऊन पाव भाजायला लागलीस. दर ख्रिसमसला तुझ्या कार्डावर एकच ओळ असते, 'त्याला त्या दुपारी उचललं असतं तर?' आणि मी एकोणतीस वर्षं तेच उत्तर पाठवतो, की ती सोडत होती, तुझा दोष नाही. आयव्हीचा निळा एप्रन मी फोटोतच पाहिलाय, पण वर्गात आकडे लिहिताना पाठीमागे तोच उभा असतो. वळून बघायची भीती वाटते.

टॅम्सिन नावाच्या विद्यार्थिनीनं, मोठी चिवट बाई आहे, प्रबंधासाठी आपली जुनी नोंदवही मागवली होती. गेल्या गुरुवारी तिनं भर वर्गात विचारलं, "सर, एकसष्ट नंबर सकाळी अकराला फुटलं आणि साठ नंबर दुपारी तीनला. हे कसं?" मी म्हणालो, पोलिसांचं घड्याळ आणि पोलिसांचं अक्षर, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. सगळे हसले, ती हसली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

घड्याळ बरोबर होतं, हेस्टर. सकाळी तक्रार आली म्हणून मी पाइक नावाच्या माणसाच्या घरी गेलो. त्याची बायको फाटका ओठ रुमालानं दाबून जिन्यावर बसली होती आणि मला चहा विचारत होती. मी साठ नंबर फोडलं, 'समज' निघाली. त्या माणसाला नुसती समज देऊन निघायला माझे पाय उचलेनात. गाडीत येऊन मी एकसष्ट फोडलं. त्यात 'अटक' होती. त्याला उचललं, साठ नंबर डिंकानं पुन्हा चिकटवलं आणि गठ्ठ्यावर सगळ्यांत वर ठेवलं. पाइकची बायको अजून बाजारात भेटते, कोबी निवडता निवडता हसते. तिला मी वाचवलं का, कुणास ठाऊक. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच शिकवतो.

येत्या गुरुवारी टॅम्सिनला आणि वर्गाला हे सांगणार आहे. विद्यापीठाला आणि ठाण्याला पत्रं लिहून ठेवली आहेत. नोकरी जाईल, जाऊ दे. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. मी हात लावला नसता तर त्या दुपारी तुझ्या हाती एकसष्ट आलं असतं आणि तू मार्सडेनला उचललं असतंस. तू दर वर्षी विचारत होतीस आणि मला उत्तर ठाऊक होतं. क्षमा मागत नाही. यंदाच्या कार्डावर ती ओळ मात्र लिहू नकोस. ती आता माझी आहे.

अजून म्हणू दिलंस तर, तुझाच
गॉर्डन