हत्तीच्या जागी आलेलं शहाणं यंत्र

एफिदुआसे,
पौषातल्या कोरड्या वाऱ्याचे दिवस

वडिलांच्या जागी असलेल्या द्वोमो मामांना,

भाचा अनाने याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक. गुडघा कसा आहे? ताकोराडीची समुद्राची हवा मानवते का? मासळी तुम्हाला पहिल्यापासून प्रिय, म्हणजे तब्येत सुधारली असेलच. फोन तुम्ही उचलत नाही (उचललात तरी ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देता), म्हणून हे पत्र.

वाळवंटाकडून धूळ येऊ लागली आहे. सकाळी सूर्य दुधात पडल्यासारखा दिसतो, समोरचा रस्ता अर्ध्यावर विरघळतो आणि चालणारी माणसं पाय नसल्यासारखी तरंगत येतात. असल्या दिवसांत माझं लक्ष कुठे असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी तुम्ही मला वायर धरायला उभं करायचात आणि मी ढग बघत उभा राहायचो, तसंच अजून आहे. फक्त वायरी आता माझ्या मालकीच्या आहेत.

तुमच्या हाताने जोडलेला जुना ॲम्प्लिफायर, आपला ‘हत्ती’, फळीवर चटईखाली सुखरूप आहे. त्याच्या जागी मी चार चॅनेलचा नवा ॲम्प्लिफायर आणला, त्यावरून तुम्ही रुसून, दोन लुगडी पाठीला बांधून ताकोराडीला गेलात. (आपल्या लांबरुंद पुरुषी लुगड्यांविषयी म्हणतोय, पोस्टमनने गैरसमज करून घेऊ नये.) ‘स्वतःचा जीव वाचवणारं यंत्र भित्रं’ हे तुमचं मत. हत्ती शूर होता हे मी मान्य करतो. त्याने तीन वेळा स्पीकर जाळले, एकदा मंडपाचा कोपरा, पण मधे थांबला कधी नाही. हे नवं यंत्र फार शहाणं. चालू केलं की चार-पाच सेकंद विचार करतं, मग आतून ‘टक्’ होतं आणि तेव्हा कुठे स्पीकरांना आवाज पोचतो. त्या चार-पाच सेकंदांत माझी दोन स्वप्नं पडून होतात. कोणी माइकवर ओरडलं तर आवाज आपोआप दाबतं. बकरीने वायर चावली तर तेवढंच चॅनेल बंद करून बाकीची चालू ठेवतं (गेल्या महिन्यात बकरी आणि यंत्र दोघंही वाचली). आणि ज्या चॅनेलवर ओझं जास्त, ते तापलं की लाल दिवा लावून गप्प बसतं, निवलं की आपणहून पुन्हा सुरू.

तर मागच्या शनिवारी अफ्रियेच्या थोरल्या आजोबांचं उत्तरकार्य होतं. अफ्रिये म्हणजे शिवणाची शाळा चालवते ती, जिच्या घरच्या प्रत्येक कार्यात माइक-स्पीकर मी दोन वर्षं सांभाळतो आहे, आणि तिथे लागतात त्यापेक्षा दुप्पट स्पीकरची खोकी नेतो आहे. का नेतो हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. एक चॅनेल पुरुषांच्या मंडपाला, एक बायकांच्या, एक मानकऱ्यांच्या, आणि चौथं, एकच लहान खोकं, घरामागे रांधणाऱ्या बायकांसाठी, म्हणजे सूप ढवळता ढवळता त्यांनाही भाषणं ऐकू यावीत.

सजावट अफ्रियेच्या पोकुआ मावशीकडे. तुम्हाला त्यांची शिस्त माहीत आहे. दुःखाच्या घरी काही चकाकता कामा नये, म्हणून खांब, खुर्च्या, पाण्याचं पिंप, सगळं त्यांनी लाल-काळ्या कापडात गुंडाळलं, आणि मी धुळीतून तरंगत येणारी माणसं बघत बसलो असताना माझा ॲम्प्लिफायरही चापूनचोपून गुंडाळला. वर छान फूल काढलं. आत बिचारं यंत्र भर दुपारी घोंगडी पांघरलेल्या तापकऱ्यासारखं उकडत होतं. मानकऱ्यांतले अजेमांग आजोबा मृताचे गुण सांगायला उभे राहिले आणि आधी बायकांच्या मंडपातला आवाज गेला, मग पुरुषांच्या, मग मानकऱ्यांच्या. आजोबांना पत्ता नाही, ते बोलतच राहिले. लोकांना वाटलं, मौन पाळायचं आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. इतकं सुंदर उत्तरकार्य एफिदुआसेत झालं नव्हतं, असं नंतर चारजण मला म्हणाले.

आजोबांनी माइक माझ्या हातात दिला तेव्हा मी जागा झालो. कापड एका बाजूने उचललं, तीन लाल दिवे दिसले. चौथा घडीखाली होता, तोही लालच असणार असं धरून चाललो. तेवढीच बाजू मोकळी ठेवून वारा घातला, थांबलो. मग माइक तपासायचा होता. तुम्ही शिकवलंत ना, ‘एक-दोन-तीन कोणीही म्हणतं, पोटातलं बोलून बघ, मग कळतं आवाज खरा येतोय की नाही.’ यंत्र अजून गप्पच आहे असं समजून मी पोटातलं बोललो. हळूच. म्हटलं, अफ्रिये, एवढी खोकी मी लोकांसाठी आणत नाही, तुझ्या अंगणात दिवसभर बसायला मिळावं म्हणून आणतो, आणि तू अंगणातून गेलीस की मला वायरींचे रंग आठवत नाहीत.

मंडपात कोणालाच ऐकू गेलं नाही. घरामागे मात्र पातेल्याचं झाकण पडलं, आणि पाठोपाठ वीस बायकांचं हसू. चौथा दिवा हिरवा होता, मामा.

पोकुआ मावशी हातात डाव घेऊन आल्या.

“खोक्यातून मागणी घालायची रीत आमच्याकडे नाही. मामा कुठाय तुझा?”

“ताकोराडीला. रुसलेत.”

“मग समजूत काढ. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कुमासीचे लोक तिला मागणी घालायला, दार ठोठावायला येतायत. त्याआधीच्या रविवारी तुझा मामा आला तर त्याला पाणी देऊन त्याचं म्हणणं ऐकू. नाही आला तर त्यांना.”

अफ्रिये काय म्हणाली, एवढं विचारायचं धाडस मी केलं. मावशींनी मागे वळून पाहिलं, आणि तोंड वाकडं करून निरोप सांगितला.

“म्हणते, पुन्हा बोल म्हणावं. मधे खरखर येत होती.”

त्या क्षणापासून मी जमिनीवर नाही. धुळीतून चालणाऱ्या बाकीच्यांसारखाच झालो आहे. मामा, मला फार भीती वाटते आणि फार आनंदही होतो.

तुमचा भाचा,
अनाने

ता. क. तर कुमासीचे लोक यायच्या आधीच्या रविवारी या. मला वडील नाहीत आणि तुमच्याशिवाय दुसरा मामा नाही. माझ्यासाठी दार ठोठावणारं जगात एकच माणूस आहे.

ता. क. तुम्ही म्हणाल तर नवं यंत्र विकून टाकतो. (हे मी विनयाने लिहिलं आहे. कृपया ‘हो’ म्हणू नका.)

ता. क. तुम्ही हत्तीवरून रुसून गेला नाहीत, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं त्या खोक्यांपुढे उभं राहून तुमच्या कानांचं काय झालंय, तेही. मी कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. पाणी पिऊन झालं की अफ्रियेकडचा माणूस येण्याचं कारण विचारेल. मी तुमच्या शेजारी बसेन. मी तुमचा गुडघा दाबला, की बोला. मग अफ्रियेला विचारतील. ती हो म्हणाली, की दोनदा दाबीन.