खाट राहिलेला नकाशा

१२ मार्च, दुपारचे अडीच

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. रंगीत पेन्सिलींची पेटी पोचली. इकडे ठीक. तुझ्या भावजींचा उजवा हात अजून उठत नाही, बोलणं निम्मं अंदाजाने घ्यावं लागतं. भूक चांगली आहे.

पेटी पाहून आधी रागच आला. "ताई, काहीतरी काढत जा, बरं वाटेल," असं चिठ्ठीत लिहायला तुझं काय जातं? डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, बत्तीस वर्षं कचेरीत इमारतींचे नकाशे काढले. फुलं-पाखरं मला जमायची नाहीत." तर म्हणतात, "मग नकाशेच काढा."

दुपारी हे तासभर झोपतात. तेवढ्यात टेप घेऊन घर मोजायला लागले. हस खुशाल. पण कागदावर पट्टी टेकवली आणि यांच्या आजारपणाच्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा डोक्यातली गिरणी थांबली. आधी स्वयंपाकघर झालं, मग गॅलरी, मग जिना.

काल आमची खोली पुरी केली. कपाट, औषधांची फळी, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं. कौतुकाने यांच्यापुढे धरलं. यांनी बराच वेळ पाहिलं, मग डावं बोट खिडकीखालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"मी?"

खाट राहिली होती. सहा फूट बाय तीन. कचेरीत मला 'भिंग' म्हणायचे. माझ्या नकाशातून कधी खिळा सुटला नाही.

"विसरले," म्हटलं.

"बरंय," हे वाकडं हसले. "जागा... मोकळी."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुझी पेटी येण्याआधी एका दुपारी हे झोपलेले असताना मी बाहेरून कुलूप लावलं आणि बसथांब्यावर गेले. दोन बस सोडल्या, तिसरीत बसले. चार थांबे गेल्यावर उतरले आणि चालत परत आले. हे जागे होते, दाराकडे बघत. पाण्याचा ग्लास खाली पडलेला. मी सांगितलं, दूध आणायला गेले होते. हातात दूध नव्हतं.

नकाशे काढायला लागल्यापासून पुन्हा कुलूप हातात घेतलेलं नाही. पण पेन्सिल एका तासाचं बघते. उरलेले तेवीस तास तिच्या आवाक्यातले नाहीत.

गेल्या वर्षी तू येते म्हणालीस, तेव्हा मी "आमचं आम्ही बघू" म्हणून तुला तोडलं. ते चुकलं.

नकाशा सोबत पाठवते आहे. खाट आज काढली. रंग यांनी निवडला, हिरवा. पलीकडच्या भिंतीशी आणखी एक खाट दिसेल, तुटक रेषांची. जे अजून झालेलं नाही, ते आमच्या कामात तसंच दाखवतात. मापं तुझ्या उंचीची घेतली आहेत.

वाट पाहते. हे दोन शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिले आहेत.

तुझी,
ताई