रिंकवर पुरेसा खर्च न झाल्याबद्दल

लोरेन, ओहायो
९ मार्च २०२६

चिरंजीव कॅझिमिर यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (राग आहेच, पण तो वेगळा ठेवला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावजयबाई थेरेसाची साखर? माझी तब्येत उत्तम, आणि ती तशी ठेवणं भागच आहे. मागास ठरवलेल्या वस्तीतल्या इमारतीत पैसा घालून दहा वर्षं हलवला नाही, तर तिच्या वाढलेल्या किमतीवर कर लागत नाही. मी शहात्तरची, दोन वर्षं होत आली, म्हणजे चौऱ्याऐंशीपर्यंत जगायचं ठरलं आहे. डॉक्टरांनाही तसं कळवलं आहे.

बेकरी विकलीस, नफा झाला, आता मुकाट्याने कर भर आणि मोकळी हो, असं तू दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणालास. वर आपल्या गल्लीला मेलेली गल्ली म्हणालास. तेव्हापासून तू इकडे फिरकला नाहीस आणि मीही बोलावलं नाही. मागास वस्तीत पैसा घातला तरी बेकरीच्या नफ्यावरचा तो कर माफ होत नाही, नुसता पुढे ढकलला जातो, एवढं मलाही वाचता येतं. तो या वर्षाच्या हिशेबात येणार आणि त्याचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. नफा एकशे ऐंशी दिवसांत अशा वस्तीत पैसा लावणाऱ्या फंडात घालायचा होता. एक कडक इस्त्रीचा माणूस कुठल्याशा हॉटेलाची चित्रं घेऊन आला, त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं आणि स्वतःचाच फंड काढला. कायद्याला भागीदार लागतो म्हणून शेजारच्या डोलोरेसला घेतलं. (तिने पन्नास डॉलर घातले. आता केस कापायला गेली तरी गुंतवणूकदार म्हणून ओळख करून देते.) आणि आपल्या गल्लीतला जुना स्केटिंग रिंक विकत घेतला.

आता चूक सांगते, हसू नकोस. इमारत जेवढ्याला घेतली, जमीन सोडून, निदान तेवढाच पैसा अडीच वर्षांत तिच्या दुरुस्तीला लावावा लागतो. म्हणजे साठ हजार. मी जन्मभर पाव विकलेली बाई, मी आपलं चर्चमध्ये सांगितलं. शुक्रवारचं माशांचं जेवण आटोपून बावीस माणसं ब्रश घेऊन हजर. चर्चमधल्याच स्टॅनिस्लॉसने विजेच्या सगळ्या तारा बदलल्या. रंग लोकांच्या तळघरांतून आला. मी फक्त बटाटे भरलेले पिएरोगी वाढले. रिंक लखलखीत झाला आणि खर्च आला नऊ हजार चारशे. मी ऐटीत कागद घेऊन हिशेबनीस बाईकडे गेले, तर तिने चष्माच काढून ठेवला. म्हणाली, "बर्निसबाई, हे फार वाईट झालं. तुम्ही पुरेसे पैसेच घालवले नाहीत. फुकटचं काम कायद्याला दिसत नाही." मग कायद्याने डोळे तपासून घ्यावेत, असं मी तिला सांगितलं.

स्टॅनिस्लॉसकडे बिल मागितलं, तर तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला, त्याचंही बिल लावू का?" दोन रविवार तो माझ्याशी बोलला नाही. खोटी बिलं मी करणार नाही. वर्षअखेरपर्यंत साठ हजार दुरुस्तीवर खर्ची पडले नाहीत तर दंड सुरू होईल आणि रिंक विकावा लागेल. एक गोदामवाला टपूनच बसला आहे. पण मी विकणार नाही, हे लिहून ठेव.

तुझी थोरली बहीण,
बर्निस

ता.क. रिंकचं छप्पर गळतं. चर्चच्या मंडळींना शिडीवर चढवायला फादर तयार नाहीत. तू सगळ्या क्लीव्हलँडची छपरं घालतोस. एक्क्याण्णव साली माझ्या बेकरीचं फुकट घातलंस, ते थेरेसा दर नाताळात ऐकवते. या वेळी बिल लाव. बाजारभावाने, एक सेंटही कमी नको. मी घासाघीस करणार नाही.

ता.क. २. कर भरून मोकळी झाले असते तर डोक्याला ताप नव्हता, हे तुझं खरं होतं. थेरेसाला हे वाचून दाखवू नकोस.

ता.क. ३. रिंकवर आई जिथे लोकांचे कोट सांभाळायची, त्या खिडकीच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या खुणा आहेत. तेवढा भाग मी कुणाला रंगवू दिला नाही. जेवण माझ्याकडे, आणि ते फुकटच. कायद्याला दिसलं नाही तरी चालेल.