दामासो भिंतीपलीकडे जातो

आतलिश्को,
सान होसेच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय आणि पूज्य एल्विरावन्संना फेलिसितासचा नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: कॉफीची पुडी एक, गुळाच्या ढेपा दोन (एकीचा कोपरा उंदराने नाहीतर पोस्टाने खाल्ला आहे), आणि कोलिब्री पाखरांना साखरपाणी पाजायची लाल काचेची बाटली एक. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढायला तुम्ही विसरलात. (विसरलात, असंच मी धरते.) किंमत वाचून मला खुर्चीत बसावं लागलं. तेवढ्यात आमच्याकडे कोंबडी येते, आणि ती अंडी तरी देते. असो. तुमचे गुडघे कसे आहेत? मी रोज माळ जपताना शेवटचे दहा मणी तुमच्या गुडघ्यांच्या नावाने ठेवले आहेत, तेव्हा फरक पडला असेल तर कळवा, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला देता येतील.

बाटली परसात टांग, दामासो येईल, असं तुम्ही लिहिलंत. आपली माणसं गेल्यावर कोलिब्री होऊन घरची खबर घ्यायला येतात हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त जिवंतपणी ज्याला जेवायला तीनतीनदा हाका माराव्या लागत, तो बाटलीसाठी येईल यावर माझा विश्वास नव्हता. तरी तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून लिंबाच्या झाडाला टांगली. चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर हे तुमचं प्रमाण घाईत लिहिताना चुकलं असणार. मी ते सुधारून तांब्याभर पाण्याला एक चमचा केलं. (सपाट. शीग भरून नव्हे.) रंगासाठी बीट उकडलेलं पाणी पडलेलंच होतं.

आणि वन्सं, तो आला.

अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवी, डोळ्यामागे पांढरी रेघ, थेट तुमच्या भावाच्या पिकलेल्या भुवईसारखी. मी ॲप्रनने डोळे पुसले आणि छप्पर कुठे गळतंय, वर्षश्राद्धाच्या मिस्सेला चर्चमध्ये किती माणसं येतील, सगळं त्याला सांगायला लागले. त्याने बाटलीत चोच घातली, बाहेर काढली, मान झटकली, आणि माझं बोलणं अर्धं असताना भिंतीवरून पलीकडे गेला. ओतिलियाच्या अंगणात.

ओतिलिया म्हणजे तीच, शिवणकाम करणारी. लग्नाआधी दामासो जिच्या खिडकीखाली गिटार घेऊन उभा राहायचा आणि तुमच्या आईंनी (देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो) आपल्या माडीवरून बादलीभर पाणी ओतून जे प्रकरण मिटवलं, ती. तिने लग्न केलं नाही. तिचं अंगण लाल फुलांनी पेटलेलं असतं आणि तिची स्वतःची बाटलीही आहे. मी शिडी लावून पाहिलं. तुमचा भाऊ तिथे डोळे मिटून पीत होता. एका जागी थरथरत, पोटभर. मी शिडीवरूनच म्हटलं, "दामासो, लाज नाही वाटत?" तर ओतिलिया खालून म्हणते, "अगं, त्याला पिऊ दे की. तुझं पाणी मी चाखलंय भिंतीवरून हात घालून. फुलदाणीतलं असतं ना, तसं लागतं."

आमच्या गल्लीत अशी गोष्ट झाकून राहते थोडीच. पाववाली मला विचारते, "काय फेलिसितासबाई, आज कुठे आहेत साहेब?" वर्षश्राद्धाची मिस्सा तोंडावर आलेली. मी काळे कपडे घालून पहिल्या बाकावर बसणार, आणि सगळं गाव मागून म्हणणार की ही रडतेय ज्याच्यासाठी तो तिकडे शेजारणीकडे आहे. मला दोन रात्री झोप नाही. शेवटी कबुलीजबाबाला गेले आणि पाद्री बेनितोंना विचारलं, की मेलेल्या नवऱ्याने बायकोला फसवलं तर पाप कुणाच्या खात्यावर. ते जाळीमागे बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "बाई, पक्षी हा पक्षी असतो. आणि तसंही, लग्नाची शपथ मरेपर्यंतचीच असते. दामासो आता मोकळा आहे."

मोकळा. वन्सं, देवाच्या घरात, देवाच्या माणसाने मला हे ऐकवलं. इतकी वर्षं मी ती शपथ पाठ म्हणते, पण तिला शेवट आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. घरी आले आणि सगळी लाज गुंडाळून लग्नातला लाल परकर लिंबाच्या फांदीला अडकवला, कारण त्यांना लाल रंग दिसतो म्हणतात. परकर पाहून आले ते दोन भुंगे आणि खालच्या गल्लीतला विधुर खाटीक.

काल सणाची मिरवणूक आटोपून चपला काढते तोच ओतिलियाची हाक. "फेलिसितास, ये लवकर. बघ तुझ्या नवऱ्याने काय करून ठेवलंय." मी तशीच अनवाणी गेले. तिच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर, चिमट्यापाशी, कोळ्याच्या जाळ्यांनी आणि शेवाळाने विणलेली अक्रोडाएवढी वाटी, आणि तिच्यात आपला दामासो बसलेला. तो उठला. खाली दोन अंडी. पांढरी, घेवड्याच्या दाण्याएवढी.

मी दगडी पायरीवर बसले. ओतिलिया हसून हसून भिंतीला टेकली होती. "अगं, कोलिब्रींत बाप्या घरट्याकडे फिरकत पण नाही," ती म्हणाली. "ही बाई आहे."

म्हणजे मी गेले कित्येक दिवस एका परक्या बाईला छपराची गळती सांगत होते. नवरा परत मिळाला म्हणून सुटल्यासारखं वाटलं, आणि नवरा आलाच नाही म्हणून रडूही आलं. ओतिलियाने कॉफी दिली. (साखर तीन चमचे, न विचारता.) मी कप हातात धरून दोरीवरच्या घरट्याकडे पाहत राहिले. मग ही कोण? आणि तेवढ्यात ती पाखरीण माझ्या नाकासमोर येऊन थांबली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि चिकचिकचिक असं बोलली की माझी पाठ आपोआप ताठ झाली. माझं सूप चाखून मान झटकायची ती तऱ्हा. वन्सं, बसायची जागाही अशी निवडली आहे की तिथून दोन्ही अंगणं दिसतात.

या तुमच्या आई आहेत.

घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची वहिनी
फेलिसितास

ता. क. आता चार वाट्यांना एक वाटीच करते आहे. सासूबाईंना पातळ पाणी पाजलं असं कुणी म्हणायला नको. तुमच्या बाजूला उसाचा कारखाना आहे, तेव्हा पाच किलो साखर पाठवावी. ही तुमच्या आईची साखर आहे, माझी नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर उघडलं. आज सकाळी दुसरा एक आला. गळा हिरवा चकचकीत, स्वभाव गरीब. घरट्यातून दिसणार नाही अशा बेताने बाटलीच्या मागच्या अंगाला टेकला आणि गोड पाणी पीत राहिला. मी एक शब्द बोलले नाही, छपराबद्दलही नाही. तो माझ्याकडे पाहत होता. इतक्यात तुमच्या आई भिंतीवरून बाणासारख्या आल्या आणि त्याला हुसकून लावलं. तो पळाला तो थेट ओतिलियाच्या अंगणात. आता मला काडीचीही शंका उरलेली नाही. म्हणून खरं काय ते लिहिते: बाटली मी परत पाठवते आहे, किमतीच्या चिठ्ठीसकट. ती तुमच्या परसात टांगा आणि पिल्लं उडाली की आईंना तिकडे बोलावून घ्या. अकरा वर्षं त्या माझ्याकडे होत्या, आता तुमची पाळी. दामासोसाठी मी लोणच्याची जुनी बरणी लाल रंगवली आहे. आईंना कधी नेता ते उलट टपाली कळवा.