पक्का जोड

दि. ४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. का ते सांगते, रागावू नकोस. ह्यांच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या आम्ही बंद केल्यात, आणि दादाला सांगितलेलं नाही.

दादानेच ह्यांना धरून दवाखान्यात नेलं होतं ना. तिथल्या डॉक्टरीण बाई अभ्यास करतात, औषधाने डोक्यात काय बदलतं त्याचा. म्हणून गोळ्या सुरू करायच्या आधी मशीनमधून डोक्याचे फोटो काढले, आठ आठवड्यांनी परत काढले. गेल्या आठवड्यात दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. म्हणाल्या, डोक्यातले काही भाग एकमेकांना चिकटून तेच तेच उगाळत होते, ते सैल झालेत. जे एकमेकांशी बोलत नव्हते, ते बोलायला लागलेत. पुढेही बरंच सांगत होत्या, पण छोटीने रडून दवाखाना डोक्यावर घेतला, मी तिला घेऊन बाहेर आले.

घरी येताना हे हसले गं! म्हणाले, म्हणजे लूज कनेक्शन होतं, आता जोड बसला. वायरमनच तो. म्हणाले, जोड पक्का झाला, टेप मारली, की वायरमन शिडी उचलून घरी जातो, रोज येऊन हात लावत नाही. मलाही पटलं. गोळ्यांचं पाकीट मी शिवणाच्या डब्यात टाकलं.

आता म्हणतात, डोक्यात मधूनच करंट बसल्यासारखं होतं. ते हसण्यावारी नेतात. मी पडून त्यांचा श्वास ऐकत राहते. दादाने गोळी न चुकवण्याची शपथ घातलीय. सांगू का त्याला?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी बारकी


दि. १० जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या घड्याळवाल्या भाऊजींनी डोळ्याला भिंग लावून तुझं पत्र वाचून दाखवलं. हे उत्तरही तेच लिहून घेतायत. अगं, जावई हसला ना? मग झालं! लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या तोंडावर बारा वाजलेले. भाऊजी म्हणतात, ते घड्याळ त्यांच्यानेही दुरुस्त झालं नसतं.

दुखणं गेलं की औषध कशाला? गुडघ्याच्या गोळ्या मी अशाच सोडल्या, मेले नाही. दादाला कळवू नकोस, तो राईचा पर्वत करेल. तू पोटभर जेव आणि झोप. छोटीला दात आले का ते लिही.

म्हातारीची आठवण ठेव.
तुझी मावशी

ताई, हे खालचं माझ्या मनाने लिहितोय, मावशींना वाचून दाखवलेलं नाही. माझ्या बायकोने अशाच गोळ्या सोडल्या होत्या. आजच डॉक्टरांकडे जा. — घड्याळवाला


दि. २ जुलै

ती. मावशीस सा. न.

खालच्या ओळी मी वाचल्या होत्या. तरी गेले नाही. हे तेव्हा कामावर जात होते, छोटीला खेळवत होते. वाटलं, परक्याचं काय ऐकायचं.

आता दहा दिवस हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. मोरीतला दिवा गेला, तो वायरमनच्या घरात चार दिवस तसाच. शेवटी मीच स्टुलावर चढले. पाकीट काढून गोळी पुढे केली तर म्हणाले, जळलेल्या वायरीला जोड बसत नाही.

काल छोटीला घेऊन मी एकटीच डॉक्टरीण बाईंकडे गेले. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त रडू आलं. म्हणाल्या, तो फोटो त्या दिवसापुरता होता. काम चालू होतं, झालं नव्हतं. गोळ्या अजून कितीतरी महिने घ्यायच्या होत्या. हेच मी बाहेर गेल्यावर सांगत होत्या. ह्यांनी ऐकलं असणार, पण मला काही बोलले नाहीत. बाई म्हणाल्या, कसंही करून त्यांना घेऊन या, एकटं सोडू नका.

कसं आणू? काल संध्याकाळी त्यांनी पक्कड, टेस्टर, सगळी पिशवी सोबतच्या वायरमनला देऊन टाकली, आता लागणार नाही म्हणाले. आणि आज सकाळी विचारलं, तू आणि छोटी दादाकडे राहाल ना नीट? मला नाही वाटत आता माझ्याने काही होईल. पण दादा त्यांना उचलून तरी नेईल.

मी दादाला तीनदा फोन केला. तो पहिलं हेच विचारतो, गोळ्या घेतो ना? खोली एकच, हे ऐकत असतात, आणि ह्यांना एकटं सोडून बाहेर जाता येत नाही. मी हो म्हणते आणि ठेवते.

हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय, दुपारपर्यंत पोचेल. भाऊजी, मावशीला मागाहून वाचून दाखवा. तुम्ही नसाल तर जो कोणी हे फोडेल त्याने माझ्या दादाला फोन करा. नंबर पत्राच्या पाकिटावर लिहिलाय. तुझी बहीण खोटं बोलली, असं सांगा. आणि म्हणावं, ओरडायचं ते नंतर ओरड, आत्ता निघ.

बारकी