सात भाऊ, एक नोंद

१२ जाने. २००४, सोम.
मेंढेबाईंच्या नेटवर गेलो. (पूर्वीचं एसटीडी. फोनची काचेची खोली अजून आहे, आत झाडू उभा.) ई-मेल कंपनीनं खातं ‘नवीन आणि सुधारित’ केलंय. सुधारणा अशी की अॅड्रेस बुक कोरं. धाकट्या भावाचा पत्ता फक्त तिथंच होता. मस्कतहून त्याचं एकच पत्र आलं होतं, ते मी वाचून पुसलं. डबा भरला की कंपनी धमक्या देते, म्हणून वाचलं की पुसतो. हुशारी!

आईला सांगितलं नाही. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात ऊन तापायच्या आत उरका. तिचं एकच. “डोळा बिघडला तं? आंधी धाकट्याले पाहून घेतो, मंग कापा.” त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

१४ जाने.
कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. इंग्रजीत आणि नम्रपणे. दोन्हींचा सराव नाही.

१६ जाने.
उत्तर. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ सही, केविन. उपाय: कुकीज पुसा, मशीन बंद करून चालू करा. चारदा केलं. मेंढेबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमचं समजलं, पण बाकीच्या गिऱ्हाइकाईनं काय पाप केलं?”

२१ जाने.
आता सही सुझन. मजकूर शब्द न् शब्द केविनचा, शेवटी एक भर: नाहीशा झालेल्या पत्त्यांची यादी पाठवा.
यादी असती तर बाई, तुझं तोंड कशाला पाहिलं असतं?

संध्याकाळी आई: “कळवलं का त्याले?”
“कळवतो.”
“काऊन, शाई संपली काय?”
माझी जीभ कुणावर गेली हे गावाला उगाच कोडं आहे.

२७ जाने.
‘आपला प्रश्न सुटला असे समजून तक्रार बंद करीत आहोत.’
तलाठी परवडला. तोही खोटं बोलतो, पण तोंडावर, पान चघळत, आपल्याकडे बघून. यांना तोंडच नाही. थुंकावं तर कुठं?
नवी तक्रार टाकली. नम्रता वगळून.

१ फेब्रु.
बायको, सुलभा, म्हणाली, त्या केविनला शिव्या देता, पण धाकट्याचं पत्र येऊन वर्ष झालं, उत्तर का नाही दिलं?
दोनच ओळी होत्या त्याच्या. बरा आहे. आई कशी आहे?
चांगलं वाक्य सुचत नव्हतं म्हणून राहिलं. बाकी काही नाही.
(बाकी आहे. त्याचं कूलरचं दुकान बुडालं तेव्हा साप्ताहिकात माझं सदर: वर्ध्याच्या मे महिन्यात ज्याचा कूलर खपत नाही असा माणूस. गाव पोट धरून हसलं. पानठेल्यावर कुणीतरी त्याच्याच समोर मोठ्यानं वाचलं. आठ दिवसांत तो गेला.)

९ फेब्रु.
अॅड्रेस बुक परत! सोबत चिठ्ठी: ‘आपल्या सोयीसाठी सारख्या नावांच्या नोंदी एकत्र केल्या आहेत.’
मी सगळ्यांना ‘भाऊ’ असंच लिहून ठेवलं होतं. इकडे दुसरं काय लिहिणार? ज्याची कॉलर धरायची त्यालाही आधी भाऊच म्हणतात. आता भाऊ एक, त्याच्या पोटात पत्ते सात. आणि पत्ते कसे? पन्नाशीचे बाप्ये, कुणी ‘टायगर’, कुणी ‘लोनली’, पुढं आकडे. कोणता कुणाचा, देव जाणे.

सातांना नुसतं विचारलं: आपण कोण?

१३ फेब्रु.
एकाचंही उत्तर नाही. असल्या पत्राला मी तरी दिलं असतं का? प्रत्यक्ष विचारायचं तर धाकटा सोडून उरलेल्या सहापैकी चौघांशी बोलणं बंद. कारण सगळीकडे तेच, सदर.

सुलभा: “मग खरं पत्र सातही जणांना घाला.”
“सहाजण हसतील.”
“गावाला इतकी वर्षं दुसऱ्यांवर हसवलं. आता एकदा स्वतःवर.”

१४ फेब्रु.
घातलं. अख्खी सकाळ लागली. एवढंच झालं:
‘भाऊ, मी तुझ्यावर लिहिलं ते वाईट लिहिलं. लोक हसले, त्यात मी पहिला होतो. चुकलं. आईचं डोळ्याचं ऑपरेशन अडलंय, तुला पाहिल्याशिवाय ती ऐकत नाही. ये.’
दोन वेळा बटणावरून हात काढला. मेंढेबाई: “दाबा न भाऊ, करंट नाई लागत.”

१७ फेब्रु.
चार उत्तरं! चौघांनाही वाटतं, पत्र त्यालाच आहे.
खतवाले भाऊ (त्यांच्या भेसळीवर लिहिलं होतं): ‘पहिल्यांदा तू “चुकलं” म्हणालास. बरं वाटलं.’
माजी सरपंच: ‘झालं गेलं सोड. आईले सांगजो, येतो.’
इतर दोघांचंही तसंच. या चौघांची मी माफी मागितलीच नव्हती, आणि चौघांनी देऊन टाकली. कुणाला दुरुस्ती कळवावी असं वाटेना.

१९ फेब्रु.
खतवाले भाऊ खरंच आले, अल्लीपूरहून पहिल्या गाडीनं, संत्र्यांची पिशवी घेऊन. आईच्या पाया पडले. तिनं त्यांचं मनगट धरलं, दंडापर्यंत चाचपलं.
“हा नोहे तो.” मग, “पण बस बापा. चहा घेऊन जाजो.”
त्यांना काही कळलं नाही. चहा घेऊन गेले. मला वर बघवेना.

२३ फेब्रु.
सातापैकी चार बोलले. दोन गप्प. एक पत्र आज परत आलं: असा पत्ता अस्तित्वात नाही. आता धाकटा त्या दोन गप्पांत, की परत आलेल्यात?
कंपनीला विचारलं, परत आलेल्या पत्त्याची नोंद मूळची कोणती, केव्हाची, एवढंच सांगा. उत्तर तासाभरात, केविनचं. कुकीज पुसा.

२४ फेब्रु.
डॉक्टरांनी शुक्रवार दिला. नाहीतर म्हणाले, मग माझी जबाबदारी नाही.
आई ओसरीवर. “पोचलं काय रे पत्र त्याले?”
वाटलं, हो म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडेल आणि शुक्रवारी तयार होईल.
“पोचलं.”
“मंग येतेच तो,” म्हणाली. “डाक्टरले सांग, शुक्रवार राहू दे, तो आला का मंग कापा.”