क्लिपची बंद बाजू

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, बाबांच्या मागे त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवणारी, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहिते. 'धाकाशिवाय' या शब्दापाशी बराच वेळ थांबले. धाक आहे, पण तो मी हे लिहू नये असा आहे. लिहावे असा नाही.

उद्या सकाळी हा कागद मी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, वाचून दाखवणार आहे. त्यानंतर मी असेन याची खात्री नाही, म्हणून आज.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा आईला. तिच्याशी बोलताना उजव्या बाजूला बसावे. डावा कान गेला आहे.

२. बाबांची हत्यारे दादाला, मोठ्या पान्यासकट. शाळेत जाण्याआधी आम्ही दोघे चेनच्या कड्या मोजत अंक शिकलो. चुकले की बाबा तोच पाना बोटांवर मारत, आणि मारही मोजून देत. दादाच्या वाट्याला जास्त आला. हे त्याच्या बाजूचे आहे, म्हणून लिहायला हवे.

३. बाबांची जुनी मोटरसायकल पार्टवाल्या काकांना. ते नात्याने आमचे कोणी नाहीत. कोपऱ्यावर त्यांचे सुट्या भागांचे दुकान आहे. देण्यापूर्वी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाके, एकदम बदलावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर दाते तिला खातात. पुढे चौदा दाते, मागे बेचाळीस. वेगासाठी मागचे कमी करा असे कोणी म्हणाले तर ऐकू नये, इंजिन म्हातारे आहे. सगळे काकांच्याच दुकानातून घ्यावे. त्यांचा माल चांगला आहे आणि तेव्हाही चांगलाच होता. चेनची दोन टोके जोडणाऱ्या जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवावी, उघडी मागे. उलटी लावली तर क्लिप उडते आणि चेन सुटते.

४. मी उलटी लावली होती. तीन वर्षांपूर्वी आईने गाडीची किल्ली लपवली, तेव्हा दादाने उतरवून ठेवलेल्या जुन्या चेनने तिला मारले. कान तेव्हाच गेला. मी फरशीवरचे रक्त पुसत होते. तो म्हणाला, "ते राहू दे. आधी नवी चेन बसव, मला जायचंय." मी बसवली. क्लिप उलटीच आहे ना, हे दोनदा तपासले. अकराव्या दिवशी चेन सुटून मागच्या चाकात अडकली, दादा पडला आणि मागचा ट्रक त्याच्या पायावरून गेला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुबडीवर उभा राहायला लागल्यावर तो पहिल्यांदा गेला तो काकांच्या दुकानात. सडका माल विकतोस म्हणत त्याने कुबडीनेच त्यांचा डोळा फोडला. मी दारात उभी होते. गप्प राहिले.

५. माझ्या नावावरचे गॅरेज निम्मे दादाला, निम्मे काकांना. एकाचा पाय माझ्यामुळे गेला, दुसऱ्याचा डोळा.

सही: केली आहे.
साक्षीदार: शेजारचा वेल्डर, आईच्या अजूनही वाहणाऱ्या कानाची पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाई. दोघांनी मला सही करताना पाहिले, मजकूर वाचला नाही.
गॅरेजची मागची खोली, ९ मार्च.

पुरवणी

हे अक्षर आईचे आहे. माझ्या उजव्या हाताची चार बोटे मोडली आहेत, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. मी शुद्धीत आहे.

दादाने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "माहीत होतं मला. नवी क्लिप अकरा दिवसांत उडत नाही, आणि तुझ्या हातून चूक होत नाही."

मग काकांना का मारलेस, असे मी विचारले.

"कुणाला तरी मारायचंच होतं. तू घरची."

एवढे बोलून त्याने माझा हात बाकावर दाबून धरला आणि बाबांचा पाना उचलला. बाबांसारखाच मोजून मारला. चार.

म्हणून कलम दोन आणि पाचमधून दादाचे नाव काढावे. हत्यारे आईला, गॅरेज पूर्ण काकांना. मोठा पाना मात्र यादीत धरू नये. तो आईने पिशवीत घालून पोलीस चौकीत दिला. तिने माझ्या बोटांची, स्वतःच्या कानाची आणि काकांच्या डोळ्याची तक्रार एकाच कागदावर लिहिली. त्याखाली उलट्या क्लिपचे मी सांगितले, तेही तिनेच लिहिले. लिहिताना तिचा हात थांबला नाही.

कलम तीन तसेच राहील. फक्त क्लिप बसवल्यावर ती आणखी कोणीतरी पाहावी.

डाव्या अंगठ्याचा ठसा.
साक्षीदार तेच. या वेळी दोघांनी आधी मजकूर वाचला, मग सही केली.
दवाखाना, १० मार्च.